बेण्याचा पारा आणि नदीची मासळी

उसाच्या टिपऱ्या लावणीपूर्वी पारायुक्त औषधाच्या द्रावणात बुडविण्याची रीत आपल्या बागायती भागात अनेक वर्षे रूढ होती. काणीसारख्या रोगांस त्यामुळे आळा बसे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु औषधाने बुरशी मेली तरी पारा मरत नाही. उरलेले द्रावण पाटात ओतले की ते ओढ्यावाटे नदीस मिळते.

नदीच्या गाळात बसलेल्या पाऱ्याचे सूक्ष्म जंतू मिथिल पारा या जहाल विषात रूपांतर करतात. शेवाळ, बारीक जलजीव, लहान मासळी व शेवटी तिजवर जगणारी मरळ, अशा पायऱ्यांनी ते वाढत जाते. माशाच्या मांसातच ते मुरलेले असल्याने धुऊन, सोलून अथवा तळून निघत नाही. गर्भातील बालकाच्या मेंदूस त्याचा धोका सर्वांत अधिक असतो.

जपानमधील निगाता येथे आगानो नदीकाठी १९६५ साली असा विषार उघडकीस आला. नदीची मासळी नित्य खाणाऱ्यांचे हातपाय बधिर झाले, दृष्टी अधू झाली. नदीच्या वरच्या अंगास असलेल्या रासायनिक कारखान्याचा पारा त्यास कारण होता. १९६४ च्या भूकंपात गोदामांतील शेतीची औषधे नदीत गेली, असा कारखान्याने बचाव केला. १९७१ साली न्यायालयाने तो अमान्य केला. तेथे शेतीवरील आळ टळला खरा; पण स्वीडनमध्ये बियाण्यास लावलेल्या पाऱ्याने रानपक्षी मेले, आणि १९६६ साली तेथे अल्किल पाऱ्याची बीजप्रक्रिया बंद करावी लागली.

आपल्या देशातही उसाच्या बेण्यासाठी वापरात असलेल्या पारायुक्त औषधावर २०१८ साली बंदी आली. तथापि बंदीच्या आदेशाने अडगळीतील जुना डबा रिकामा होत नाही. कारखाने व कोळशावरील वीजकेंद्रे यांच्या पाऱ्यापुढे या डब्याची मातब्बरी ती काय, असे कोणी म्हणेल. परंतु पारा नाश पावत नाही, साठत जातो; आणि कारखान्यास जाब विचारावयाचा तर आपला बांध आधी स्वच्छ हवा.

‘मासे खाऊ नका’ एवढेच सांगून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. नदीकाठच्या भोई कुटुंबांचे ते पोट आहे आणि गरिबाच्या ताटातील ते सकस अन्न आहे. दूषित पाण्याचा संशय असेल तेथील मासळी टाळावी. एरव्ही गरोदर स्त्रियांनी मोठ्या शिकारी माशांऐवजी लहान मासळी पसंत करावी. पण खरा उपाय उगमाशीच आहे.

यास्तव जुना डबा पुरू नये, जाळू नये, विहिरीत वा ओढ्यात टाकू नये. झाकण घट्ट लावून, चिठ्ठी चिकटवून तो मुलांच्या हातापासून दूर ठेवावा व तालुका कृषी अधिकाऱ्यास कळवावे. असे डबे गावोगाव गोळा करून त्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर न टाकता शासकीय यंत्रणेने उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लावणीसाठी निरोगी बेणेमळ्यातील, उष्णजल प्रक्रिया केलेले बेणे वापरावे. ऊस आपला असला तरी नदी सर्वांची आहे.