तळ्याला हार, कागदाला कुलूप



दरवर्षी २० मार्चला महाड सजतं. कमानी, निळे झेंडे, पुतळ्याला हार. सरकारनंही या दिवसाला सामाजिक सबलीकरण दिन असं नाव दिलंय. पुढारी व्यासपीठावर चढतात नि सांगतात, ही समतेची भूमी, या गावानं माणुसकीचा हक्क दिला.

माझा सवाल सरळ आहे. हक्क गावानं दिला?

हिशेब मांडा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर! तीन वर्षं तो कागद दप्तरात धूळ खात पडला.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब पुढं आणि हजारो माणसं मागं, अशी तळ्यावर गेली, पाणी प्याली. मग आवई उठली, हे देवळात शिरणार. जेवत्या माणसांवर लाठ्या पडल्या, अन्न मातीत गेलं. शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला परिषदेत मनुस्मृती जाळली, त्या परिषदेला जागा दिली फत्तेखाननं. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं गेली!

सुरेंद्रनाथ टिपणिसांसारखी सोबतीची माणसं गावात होती, हे खरंच. त्यांचं ऋण मानू. पण चार माणसांची हिंमत साऱ्या गावाच्या खात्यावर जमा करू नका.

आणि तळ्याचं तीर्थ तर अजिबात करू नका. गोमूत्र ओतणारेही पाणी पवित्र करायलाच निघाले होते. या पाण्यानं कुणी अमर होत नाही, हे बाबासाहेबांनी त्याच परिषदेत सांगितलं. आपण माणसं आहोत हे दाखवायचं होतं, म्हणून तिथं जायचं होतं.

कागद आजही तसेच पडून आहेत. हातानं मैला उपसायला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा नवा झाला. तरी गटारात उतरलेला माणूस गुदमरून मरतोच, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. गिरणीत आम्हीही तेच बघतो. नियमांचा तक्ता भिंतीवर, कापसाची धूळ छातीत.

२० मार्च २०२७ म्हणजे सत्याग्रहाची शंभरी. हार घाला, जरूर घाला. पण २१ मार्चला सकाळी आपापल्या नगरपालिकेत जा. विचारा, गटारात कोण उतरतं? त्याला उतरवणारा कंत्राटदार कोण? साफसफाईचं यंत्र कुठंय? जबाब लेखी मागा. नाही दिला तर उठू नका, तिथंच बसा.

ठराव होता, तरी माणसं चालत गेली तेव्हाच पाणी मिळालं. महाडचा धडा एवढाच आहे.

जय भीम!