धावणे थांबवू नका, वेळ बदला

संक्रांत उलटली की आपल्याकडे दिवसाचे दोन तुकडे पडतात. पहाटे बोटे बधिर करणारा गारठा आणि दुपारी अंगातला सदरा नकोसा वाटावा असे ऊन. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असे आपण म्हणतो. पण निफाडच्या बाजूला जाण्याआधी ती एकदा हिसका दाखवतेच. या दिवसांत माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसे येतात. एक, दिवाळीनंतर मोठ्या हौसेने धावायला लागलेली आणि आता खोकल्याचे निमित्त करून अंथरुणात परतलेली. दुसरी, खोकला असो, कणकण असो, पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर उतरणारी भरतीची पोरे. पहिल्यांना मी ‘सुरू करा’ म्हणतो, दुसऱ्यांना ‘जरा थांबा’ म्हणतो. दोघेही नाराज होऊन जातात.

माझे म्हणणे साधे आहे. थंडीच्या शेवटी धावणे सोडण्याचे काहीच कारण नाही. सोडायचा तो पहाटेचा हट्ट.

‘ब्राह्ममुहूर्ताची शुद्ध हवा’ हा आपला लाडका समज. हिवाळ्यात तो उलटा ठरतो. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते, आणि वरची उबदार हवा झाकणासारखी तिच्यावर बसते. चुलीचा, शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा, ट्रकचा धूर या झाकणाखाली कोंडून राहतो. ऊन पडून जमीन तापली की मगच तो वर जातो. जानेवारीअखेरीस आपल्याकडे सूर्यच मुळी सातनंतर उगवतो. म्हणजे साडेचारला पळणारा मुलगा सर्वांत थंड, कोरडी आणि धुरकट हवा छातीत भरून घेत असतो. आणि धावताना आपण बसल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो.

त्यातून आपला द्राक्षपट्टा. पारा घसरला की मणी तडकू नयेत म्हणून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात. पिकासाठी ते करावेच लागते. पण रात्री दोनपासून बागेत धूर करणारी पोरे पाच वाजता थेट पळायला जातात, हे मला मान्य नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. तो निम्मा बाहेर पडायलाही चार-पाच तास लागतात. मग ही मुले येऊन सांगतात, ‘डॉक्टर, दम लवकर लागतो, ताकदीचे एखादे इंजेक्शन द्या.’ असे इंजेक्शन माझ्याकडे नाही आणि कोणी देत असेल तर घेऊ नका. त्या दिवशी झोप काढा आणि संध्याकाळी पळा.

काही जणांना थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकल्याची उबळ येते, छाती आवळते, शीळ वाजल्यासारखा श्वास येतो. कोरड्या गार हवेने श्वासनलिका सुकतात आणि आकसतात, त्याचा हा परिणाम. याला ‘स्टॅमिना कमी’ म्हणून सोडून देऊ नका. तपासून घ्या. धावण्यापूर्वी पंधरा मिनिटे घेतलेल्या पंपाने यांतल्या बहुतेकांचा त्रास आटोक्यात येतो. पंपाची सवय लागते हा गैरसमज घरातल्या वडीलधाऱ्यांनी तरी पसरवू नये. नाकातोंडावर मफलर किंवा सुती रुमाल बांधला, पहिली दहा-पंधरा मिनिटे भरभर चालून मग हळू पळायला लागले, तरी पुष्कळ फरक पडतो.

चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींना वेगळे सांगायचे आहे. गारठ्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात आणि सकाळच्या वेळी अधिक येतात, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. रक्तदाब, मधुमेह असेल, बिडी-सिगारेट असेल, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर धावायला लागण्यापूर्वी तपासणी करा आणि उन्हे वर आल्यावरच बाहेर पडा. चढावर छातीत दाब वाटला, जबड्यात वा डाव्या हातात कळ गेली, तर तिथेच थांबा आणि सरळ दवाखाना गाठा. ‘गॅस असेल’ असे म्हणून सोडा पिणारे रुग्ण मी बरेच पाहिले आहेत.

ऋतू बदलताना घरोघरी सर्दी-ताप असतोच. नुसते नाक वाहत असेल, शिंका येत असतील, तर हळू पळायला हरकत नाही. पण ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर अजिबात नाही. विषाणूचा ताप कधी कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो, आणि त्यात जोराचे धावणे जिवावर बेतू शकते. तापाची गोळी घेऊन मैदानात उतरणे म्हणजे ताप गेला असे नव्हे. ताप उतरल्यावरही पहिले काही दिवस चालण्याचेच ठेवा. दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवले तर दमसास घटू लागतो हे खरे; पण वेग राखून आठवड्यातून तीनच दिवस पळालात तरी कमावलेले बरेचसे टिकते. म्हणून चार दिवसांच्या विश्रांतीने भरती हुकत नाही.

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० या एकाच धावण्याला. गरीब घरच्या मुलासाठी हे गुण म्हणजे सबंध घराची भाकरी, हे मी जाणतो. म्हणूनच ती पोरे अंधारात हायवेच्या कडेला पळतात, याचा दोष मी त्यांना देत नाही. त्यांना मैदान कुठे आहे? शाळांची फाटके शाळा भरेपर्यंत कुलूपबंद, मोकळ्या मैदानात दिवा नाही. धुके पडले की ऊस आणि द्राक्षे वाहणाऱ्या गाड्यांच्या चालकाला काळा स्वेटर घातलेला मुलगा दिसणार कसा? मुलींची तर गोष्टच सोडा. अंधार म्हटला की घरातून परवानगीच मिळत नाही. याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य पदक आणले. तिच्या नावाच्या कमानी आपण हौसेने उभारल्या. त्यापेक्षा प्रत्येक तालुक्यात एक मैदान सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ उघडे राहू द्या, चार दिवे लावा आणि एक माणूस फाटकावर ठेवा. ग्रामपंचायतीला आणि शाळा समितीला न परवडणारा हा खर्च नाही.

तोवर रस्त्यावर पळावेच लागत असेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने पळा, पांढरा सदरा घाला, कानात गाणी नकोत. स्वेटर घाम येईपर्यंतच. ओल्या कपड्यात गप्पा मारत उभे राहू नका. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी विसरू नका. आणि रथसप्तमीनंतर ऊन दर आठवड्याला तापत जाईल, तेव्हा संध्याकाळी पळणाऱ्यांनी आपली वेळ हळूहळू पुढे सरकवावी.