वेलस्लींच्या घरचे भाऊ

मराठे भाऊबंदकीने बुडाले आणि इंग्रज गुणवत्तेवर जिंकले, हे पालुपद परवा एका व्याख्यानात पुन्हा ऐकले. वक्ते विद्वान. त्यांच्या मते आपल्याकडे माणसाचे घराणे बघत, इंग्रजांकडे त्याचे काम बघत. दाखला त्यांनी दिला तो असईच्या लढाईतल्या इंग्रज सेनापतीचा, आर्थर वेलस्लीचा. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या आणि १८२८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधानपद मिळवलेल्या माणसाचा. निदान दाखला देण्यापूर्वी त्याचे घर तरी बघायचे!

बाप गेला १७८१ मध्ये. थोरला रिचर्ड कर्ता झाला. आर्थरची पलटणीतली बढती विकत घेतलेली होती, आणि तिच्यासाठी पैसा रिचर्डनेच पुरवला. हाच रिचर्ड १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला, सोबत धाकटा हेन्री खासगी चिटणीस. पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टण पडले. तटाच्या खिंडारात सैनिक घेऊन शिरला तो डेव्हिड बेअर्ड, ज्याने त्याच शहरात हैदर-टिपूच्या कैदेत वर्षे काढली होती. शहराचा कारभार मात्र आर्थरच्या हाती गेला, जो वयाने आणि हुद्द्यानेही बेअर्डच्या मागे. म्हैसूरची वाटणी करायला पाच जणांचे मंडळ नेमले, त्यात आर्थर आणि हेन्री दोघेही. १८०१ मध्ये अवधकडून घेतलेल्या मुलखावर हेन्री जाऊन बसला. तो कंपनीचा नोकरही नव्हता. १८०३ मध्ये दख्खनेत युद्ध करायचे की तह, हे ठरवण्याचे पूर्ण अधिकार थोरल्याने आर्थरला दिले. हेच पुण्यात घडले असते तर याच वक्त्यांनी त्याला घराणेशाही म्हटले असते.

रिचर्डने एकदा त्रिंकोमालीची फौज आर्थरकडून काढून बेअर्डकडे दिली, हे खरे. आर्थर भावावर कितीतरी दिवस धुमसत होता. पण एका रुसव्याने बाकीच्या नेमणुका पुसल्या जात नाहीत.

आर्थर कच्चा होता असे मी म्हणत नाही. असईच्या लढाईच्या दिवशी कैलना नदीला जवळपास उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. त्याला समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड दिसले. दोन गावे इतकी जवळ, तर मधे ये-जा असणारच, हा त्याचा तर्क. उतार सापडला, फौज पार झाली. तरी शिंद्यांच्या तोफांनी त्या दिवशी त्याची दीड हजारांवर माणसे मारली किंवा जखमी केली.

आपल्याकडची भाऊबंदकी मी नाकारत नाही. विठोजी होळकराला १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिले. दुसऱ्या वर्षी त्याचा भाऊ यशवंतराव हडपसरला चालून आला, पेशवा बाजीराव पळाला आणि इंग्रजांशी वसईचा तह झाला. पण शिंदे, होळकर, भोसले हे एका घरचे भाऊ नव्हते. तीन खजिने, तीन फौजा, तीन दरबार. शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर बाजूला राहिला. याला भाऊबंदकी म्हटले की खरा रोग झाकला जातो: सगळ्यांना बांधून ठेवील असा एक खजिना आणि एक हुकूम आपल्याकडे उरला नव्हता.

इंग्रजांकडे तो होता. घराणी त्यांच्याकडेही होती, पण फौजेचा पगार घराण्याच्या तिजोरीतून निघत नव्हता, आणि गव्हर्नर जनरललाही बदलणारे लंडनला बसलेले होते. १८०५ मध्ये रिचर्डच्या जागी कॉर्नवॉलिस आला, आर्थरही त्याच वर्षी हिंदुस्थान सोडून गेला. पलटणी जागेवरच राहिल्या, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडवली तेव्हा इथे कारभारात तिघांपैकी एकही वेलस्ली नव्हता.