गॅट्सबीचा खून आणि न चाललेला खटला

एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड यांची 'द ग्रेट गॅट्सबी' ही अमेरिकन कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झाली. तिला शंभर वर्षे होऊन गेली. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेत तिच्यावर कुणाचा कॉपीराइटही उरलेला नाही. बहुतेक वेळा ती अधुऱ्या प्रेमाची कहाणी म्हणून वाचली जाते. आम्ही वकील आहोत. आम्ही ती फौजदारी प्रकरणाचे कागद वाचावेत तशी वाचली. तीन मृत्यू, एक मोटार, एक पिस्तूल, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कुणीच नाही!

हकीकत थोडक्यात अशी. उत्तर डाकोटातील एका नापत्त्या शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ सतराव्या वर्षी स्वतःचे नाव बदलतो आणि जे गॅट्सबी होतो. लष्करात असताना लुईव्हिलच्या डेझीवर त्याचा जीव जडतो. तो युद्धावरून परतण्याआधीच ती शिकागोच्या गर्भश्रीमंत टॉम ब्यूकॅननशी लग्न करते. लग्नाच्या आदल्या दिवशी टॉम तिला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार देतो. १९२२ च्या उन्हाळ्यात गॅट्सबी लाँग आयलंडवर, तिच्या बंगल्यासमोर खाडीपलीकडे महाल घेऊन बसलेला असतो. तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा त्याला रात्री दिसतो. त्या दिव्यावर समीक्षकांनी ढीगभर लिहिले आहे, आम्ही त्यात भर घालत नाही.

गॅट्सबीकडे पैसा आला कुठून? अमेरिकेत जानेवारी १९२० पासून दारूबंदी होती, ती डिसेंबर १९३३ मध्ये उठली. गॅट्सबी औषधांच्या दुकानांतून चोरटी दारू विकत होता. हा गुन्हा आहे, यात वाद नाही. पण त्याच्यावर दात धरून बसलेला टॉम स्वतः दारू पिणाराच! मग त्याचा राग कशाचा? गॅट्सबी ऑक्सफर्डला होता, हे टॉमला खोटेच वाटते. कारण काय, तर तो गुलाबी सूट घालतो. माणसाच्या कपड्यावरून त्याचे मूळ हुंगणारे हे नाक आमच्या वाचकांच्या चांगले ओळखीचे आहे.

हाच टॉम जेवणाच्या टेबलावर एका पुस्तकाचा हवाला देऊन सांगतो की गोरी माणसे सावध राहिली नाहीत तर ती बुडणार. फिट्झगेराल्ड यांचा रोख लोथ्रॉप स्टॉडर्ड यांच्या १९२० सालच्या वंशवादी पुस्तकाकडे होता, हे अभ्यासक मानतात. ही काही एकट्या टॉमची बडबड नव्हती. १९२४ साली अमेरिकेने कायदाच केला. १८९० च्या जनगणनेवर दोन टक्क्यांचा कोटा लावला आणि आशियाई माणसाला दार जवळजवळ बंद केले. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद प्रकरणाचा निकाल लागला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेल्या या पंजाबी माणसाचा नागरिकत्वासाठी युक्तिवाद काय होता? आपण उच्च जातीचे, आर्य रक्ताचे, म्हणून गोरे! सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. समान हक्क मागण्याऐवजी वरच्या पंगतीत पाट मागितला, की पंगत वाढणारा कसा हाकलतो, त्याचा हा दाखला. गॅट्सबीनेही तोच पाट मागितला होता. थिंद यांना पुढे १९३६ साली नागरिकत्व मिळाले, गॅट्सबीला तेवढा वेळ मिळाला नाही.

आमच्या मते कादंबरीचे काळीज महालात नाही, राखेच्या खोऱ्यात आहे. लाँग आयलंड आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये शहराच्या राखेचा उकिरडा होता. क्वीन्समधला कोरोनाचा हा उकिरडा खरोखरीचा, तो सपाट करून तिथे १९३९ चे जागतिक प्रदर्शन भरले. त्या राखेत जॉर्ज विल्सनचे गॅरेज आहे. त्याची बायको मर्टल हिला टॉमने ठेवले आहे. वर एका डोळ्यांच्या डॉक्टरची जाहिरात, त्यात दोन प्रचंड डोळे. बायको मेल्यावर विल्सन त्या डोळ्यांनाच देव समजतो. शेजारचा मायकेलिस त्याला सांगतो, अरे, ही जाहिरात आहे! डोळे सगळे पाहतात, साक्ष मात्र देत नाहीत.

साक्ष देतो तो एक काळा माणूस. मर्टलला चिरडून पळालेली मोटार कोणत्या रंगाची, हे मायकेलिसला धड सांगता येत नाही, तो हिरवट म्हणतो. मोटार मोठी, नवी आणि पिवळी होती, हे हा काळा माणूस सांगतो. पोलीस त्याचे नाव विचारतो. कादंबरी ते आपल्याला सांगत नाही.

मोटार गॅट्सबीची, पण चालवत होती डेझी. विल्सन खिशात पिस्तूल घेऊन दारात आला तेव्हा टॉमने त्याला मोटारमालकाचे नाव सांगितले. विल्सनने गॅट्सबीला मारले आणि स्वतःला संपवले. चौकशीत मर्टलची बहीण शपथेवर सांगते की तिचा गॅट्सबीशी संबंध नव्हता आणि ती नवऱ्याबरोबर सुखी होती. एक गरीब माणूस दुःखाने वेडा झाला, एवढ्यावर फाईल बंद. टॉम-डेझी त्याआधीच सामान बांधून निघून गेलेले.

कथा सांगणारा निक या दोघांना निष्काळजी ठरवतो. आमची हरकत इथेच आहे. कायद्यात निष्काळजीपणा हा हेतूपेक्षा सौम्य शब्द आहे. पिस्तूलवाल्याला नाव सांगणे म्हणजे निष्काळजीपणा? डेझी चालवत होती हे निकला ठाऊक होते. गॅट्सबीच्या घरच्या मेजवान्या झोडणारे शेकडो लोक अंत्यविधीला फिरकले नाहीत, याची त्याला चीड येते. पण चौकशीत तो हे सांगत नाही. पुढे ऑक्टोबरात फिफ्थ अव्हेन्यूवर टॉम भेटतो, तेव्हा तो आधी हात मिळवायला नकार देतो, मग मिळवतो. टॉम जवाहिऱ्याच्या दुकानात शिरतो. निक काही दिवसांनी आपल्या गावी परत जातो.