नकाशा नीटनेटका, विमान गवतात



विमान म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे आकाश उभे राहते. ते साहजिकच आहे. पण प्रत्येक विमान उडण्यापूर्वी एखाद्या जड मालमोटारीसारखे जमिनीवरून चाकांवर चालत असते, आणि उतरल्यावर पुन्हा तसेच चालत जाते. विमाने जिथे उभी करतात त्या फरसबंद आवाराला एप्रन म्हणतात. एप्रनपासून धावपट्टीपर्यंत नेणारे जे रस्ते, ते टॅक्सी-वे. हे रस्ते संगणकावर कसे काढावेत, याविषयी मला आज थोडे बोलायचे आहे.

तुमच्यापैकी काही जणांनी फ्लाइट सिम्युलेटर पाहिला असेल. घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा आभास देणारा हा कार्यक्रम. मायक्रोसॉफ्टने आपला पहिला सिम्युलेटर १९८२ साली काढला. एक्स-प्लेन हा दुसरा प्रसिद्ध कार्यक्रम १९९५ सालचा. यांत दिसणारे विमानतळ कोणीतरी रेखाटलेले असतात, आणि गंमत अशी की हे रेखाटणारे पुष्कळदा तुमच्याआमच्यासारखे हौशी लोकच असतात. एक्स-प्लेनसाठी वर्ल्डएडिटर नावाचे साधन विनामूल्य मिळते. आकाशातून घेतलेले छायाचित्र पडद्यावर अंथरायचे आणि त्यावरून धावपट्टी, टॅक्सी-वे, पिवळ्या रेषा, पाट्या असे सगळे गिरवत जायचे. तयार झालेला विमानतळ इतरांना वापरता यावा म्हणून पाठवूनही देता येतो.

माझा भाचा नववीत आहे. त्याने दिवाळीच्या सुट्टीत मुंबईचा विमानतळ काढायला घेतला आणि चार दिवसांनी मोठ्या उत्साहाने मला दाखवला. इमारतीच्या काचा चमकत होत्या, झाडे होती, दिवे होते. टॅक्सी-वे मात्र पट्टी ठेवून आखल्यासारखे, सगळीकडे एकाच रुंदीचे. छायाचित्रात तर वळणांच्या आतल्या बाजूला रस्ता फुगलेला दिसत होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामा, तिथे रस्ता उगाच वेडावाकडा दिसत होता. मी तो नीट केला."

हे जे 'नीट करणे' आहे, त्यालाच माझी हरकत आहे.

एस.टी.ची बस अरुंद चौकात वळताना पाहा. पुढची चाके कोपऱ्यापासून चांगली लांब जातात, पण मागची चाके कोपऱ्याला घासत, कधी तर पदपथावर चढून जातात. वाहन जितके लांब, तितकी मागची चाके जास्त आत येतात. आता विमानाचा विचार करा. बोइंग ७७७-३०० या विमानाच्या नाकाखालचे चाक आणि पंखांखालची मुख्य चाके यांत सुमारे ३१ मीटर अंतर असते. समजा, नाकाखालचे चाक ६० मीटर त्रिज्येच्या गोल पिवळ्या रेषेवरून बिनचूक चालले आहे. वर्तुळाचा मध्य, नाकाखालचे चाक आणि मुख्य चाकांचा मध्यबिंदू हे तीन बिंदू जोडा. काटकोन त्रिकोण मिळतो. त्याचा कर्ण ६०, एक बाजू ३१. पायथागोरसचा सिद्धान्त तुम्हाला पाठ आहेच: ३६०० वजा ९६१ म्हणजे २६३९, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ५१.४. म्हणजे नाक रेषेवर असताना मुख्य चाकांचा मध्य रेषेच्या ८.६ मीटर आत आलेला आहे. या चाकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर जवळजवळ १३ मीटर. म्हणून आतल्या बाजूचे चाक आणखी साडेसहा मीटर आत, एकूण १५.१ मीटर. आणि अशा मोठ्या विमानांच्या टॅक्सी-वेची रुंदी असते २३ मीटर. म्हणजे रेषेपासून कड अवघ्या साडेअकरा मीटरवर! विमान गवतात गेले.

विमान त्याच वर्तुळात फिरत राहिले तर काय होईल, त्याचा हा हिशेब आहे. नव्वद अंशांच्या वळणात चाक याहून थोडे कमी आत येते. पण दुसरीकडे, चाक नुसते कडेवर राहून भागत नाही. चाक आणि कड यांत ४ मीटर मोकळे अंतर हवे असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला जादा फरसबंदी करतात. तिला फिलेट म्हणतात. भाच्याने 'उगाच' म्हणून पुसून टाकलेला फुगवटा तो हाच. (७७७-३०० मध्ये तर वैमानिकाला स्वतःची चाके दिसावीत म्हणून कॅमेऱ्यांची सोय केलेली आहे. नाकाच्या शेंड्याजवळ बसलेल्या माणसाला तीस मीटर मागे काय चालले आहे हे कसे कळणार?)

धावपट्टीतून तिरके फुटणारे रस्तेही त्याने काटकोनात आणून ठेवले होते. तो तिरकेपणाही मुद्दाम ठेवलेला असतो. उतरलेले विमान पुरते मंदावण्यापूर्वीच धावपट्टीबाहेर पडावे, मागच्याला जागा व्हावी, यासाठी हा कोन २५ ते ४५ अंशांचा, शक्यतो ३० अंशांचा ठेवतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे तिथे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने सोडता येत नाहीत, आणि धावपट्टी लवकर मोकळी होण्याला तिथे फार महत्त्व आहे.

तेव्हा पहिला मुद्दा असा, की जमिनीवर जे वेडेवाकडे दिसते त्याला बहुधा कारण असते, आणि ते कारण तुम्हाला कळेपर्यंत तुमचा हात ते पुसण्यासाठी उठू नये. पण मला यापेक्षा मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे.

सिम्युलेटरमध्ये प्रत्येक टॅक्सी-वे दोनदा काढावा लागतो. एकदा डोळ्यांसाठी: डांबर, मधली पिवळी रेष, कडेचे निळे दिवे, पाट्या. आणि दुसऱ्यांदा संगणकासाठी: कोणालाही न दिसणारे गाठींचे आणि दुव्यांचे एक जाळे. जिथे रस्ते मिळतात तिथे गाठ, दोन गाठींमध्ये दुवा, आणि प्रत्येक दुव्याला नाव: ए, बी, सी. कार्यक्रमातला नियंत्रक, म्हणजे मनोऱ्यातून सूचना देणारा आवाज, डांबर पाहत नाही. तो या जाळ्यातून मार्ग शोधतो आणि दुव्यांची नावे वाचून दाखवतो. (असा सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची एक सुरेख रीत एड्‌स्खर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केली. गणिताच्या शिक्षकांनी ती फळ्यावर जरूर करून दाखवावी. बेरजेपलीकडे काही लागत नाही.)

ही दोन चित्रे जुळली नाहीत तर? दोन दुवे एकमेकांवरून गेले, पण छेदबिंदूवर गाठ मारायची राहिली, तर डोळ्यांना चौक दिसतो आणि संगणकाला मात्र तिथे वळता येत नाही. दुव्याचे नाव बी आणि पाटीवर सी असले, तर नियंत्रक जमिनीवर नसलेल्या रस्त्याने तुम्हाला पाठवतो. धावपट्टीच्या तोंडाशी थांबण्याची खूण असते: दोन अखंड रेषा आणि दोन तुटक रेषा. अखंड रेषांच्या बाजूने येणाऱ्याने परवानगीवाचून पुढे जायचे नाही. तुटक रेषांच्या बाजूने, म्हणजे धावपट्टीवरून येणाऱ्याला त्या ओलांडता येतात. वर्ल्डएडिटरमध्ये ही खूण तुम्ही डावीकडून उजवीकडे ओढता की उजवीकडून डावीकडे, यावर अखंड रेषा कोणत्या बाजूला येणार हे ठरते. उलटी ओढली तर चित्र तितकेच सुबक दिसते, अर्थ मात्र बरोबर उलटा होतो. साधन काही चुका आपण होऊन दाखवते. पण खऱ्या जमिनीवर काय लिहिले आहे, हे त्याला कुठून माहीत असणार? ते पाहण्याचे काम तुमचे.

"अहो, पण हा शेवटी खेळ आहे. त्यात कोणाचे काय बिघडते?" असे एका शिक्षकमित्राने मला विचारले. त्यांना मी मिलान शहराची हकीकत सांगितली.

८ ऑक्टोबर २००१ ची सकाळ. इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर दाट धुके होते. पश्चिमेकडच्या एप्रनवरून एक छोटे सेसना जेट निघाले. तिथून दोन रस्ते फुटत. आर-५ उत्तरेला, धावपट्टीच्या टोकाला वळसा घालून जाणारा. आणि आर-६ आग्नेयेला, थेट धावपट्टी ओलांडणारा. नियंत्रकाने आर-५ सांगितला होता. वैमानिक धुक्यात आर-६ वर गेले. वाटेत त्यांनी कळवले की आम्ही एस-४ या खुणेजवळ येत आहोत. ती खूण जमिनीवर खरोखर रंगवलेली होती, आणि होती आर-६ वरच. म्हणजे आपण चुकीच्या रस्त्यावर आहोत हे वैमानिकांनी, नकळत का होईना, सांगितलेच होते! परंतु एस-४ हे नाव नियंत्रकाजवळच्या नकाशात नव्हते. त्याला त्यातून काही बोध झाला नाही. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडारही त्या वेळी चालू नव्हते. सेसना धावपट्टीवर आले, आणि त्याच क्षणी उड्डाणासाठी सुसाट निघालेले एम.डी.-८७ जातीचे प्रवासी विमान त्याच्यावर आदळले. दोन्ही विमानांतले सर्व जण आणि जमिनीवरचे चौघे मिळून ११८ माणसे गेली.

या अपघाताला कारणे अनेक होती आणि चौकशीत ती सविस्तर मांडली गेली. पण एस-४ ची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तिथे नकाशा जमिनीपेक्षा नीटनेटका होता. वैमानिकाचे चित्र वेगळे आणि नियंत्रकाचे वेगळे, आणि दोघांना वाटत होते की आपण एकाच जागेबद्दल बोलतो आहोत.

माझे शिक्षकमित्र यावर म्हणाले की सिम्युलेटरवर माणसे मरत नाहीत. बरोबर आहे. खऱ्या उड्डाणाला अधिकृत नकाशेच वापरायचे असतात, सिम्युलेटरचे चित्र नव्हे, हेही बरोबर. पण पुढे तुम्ही जलवाहिन्यांचे नकाशे काढाल, विजेच्या जोडण्यांचे काढाल, कोणी रुग्णालयातल्या नोंदींची व्यवस्था लावाल. तेव्हाही एक चित्र पाहणाऱ्यासाठी आणि दुसरे यंत्रासाठी असणारच आहे. ती दोन चित्रे ताडून पाहण्याची सवय जिथे चूक स्वस्तात पडते तिथेच लावून घ्यावी, असे माझे मत आहे. आणि म्हणूनच मी भाच्याला सांगितले की इमारतीच्या काचा राहू देत, आधी टॅक्सी-वे.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. 'जसे आहे तसे' काढायचे म्हणजे कोणत्या दिवशी आहे तसे? शिकागोचे मेग्ज फील्ड हे छोटे विमानतळ सिम्युलेटरवाल्यांचे फार लाडके, कारण मायक्रोसॉफ्टच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत उड्डाणाचा आरंभच तिथून होई. मार्च २००३ च्या अखेरीस एका रात्री शहराच्या महापौरांनी बुलडोझर लावून त्याची धावपट्टी खणून टाकली. जमिनीवरचे मेग्ज गेले, जुन्या सिम्युलेटरमधले अजून आहे. त्यात खोटे काही नाही, फक्त ते कधीचे चित्र आहे हे सांगितले पाहिजे. तेव्हा ज्या छायाचित्रावरून तुम्ही गिरवाल त्याची तारीख रेखाटनाबरोबर लिहून ठेवा.

ज्यांच्या शाळेत संगणकाची सोय नाही त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. ड्रॉइंगच्या कागदावर १०० मीटरला १ सेंटिमीटर हे प्रमाण धरा. अडीच किलोमीटरची धावपट्टी २५ सेंटिमीटर होईल. चार-पाच टॅक्सी-वे काढा, चौकाचौकात नावांच्या पाट्या लिहा. (आय, ओ आणि एक्स ही अक्षरे वापरू नका. पहिली दोन एक आणि शून्याशी गोंधळतात, आणि फुलीची खूण रस्ता बंद असल्याची असते.) मग दुसऱ्या कागदावर नुसती यादी करा: कोणती गाठ कोणत्या गाठीला कोणत्या नावाच्या दुव्याने जोडली आहे. एका पुठ्ठ्याला २ सेंटिमीटर त्रिज्येचे भोक पाडा. हे झाले धुके, २०० मीटरपलीकडचे न दिसणारे.

आता तिघे लागतील. रेखाटणारा गप्प बसेल. नियंत्रक पाठमोरा बसून केवळ यादीवरून सूचना देईल. तिसऱ्याने पुठ्ठा कागदावर ठेवावा, भोकाच्या मध्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावे, आणि भोकातून जेवढे दिसेल तेवढेच पाहत, तेच बोलून दाखवत, दोन्ही मिळून सरकवावेत. नाणे परवानगीवाचून धावपट्टीवर गेले की डाव थांबवायचा आणि कागद व यादी शेजारी शेजारी ठेवून पाहायचे.

आमच्या घरी पहिल्या डावात ते तिसऱ्या मिनिटाला गेले. भाच्याने एका चौकातली पाटी लिहिलीच नव्हती. त्याच्या मते ती तिथे चांगली दिसत नव्हती.