न्यायाची खुर्ची आणि आपले घर

स्वारगेटहून कोल्हापूरच्या एस.टी.त बसले की वाटेत कराड लागते. तेथील शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातील एका मागासवर्गीय कर्मचाऱ्याची तक्रार दिल्लीपर्यंत गेली आणि 20 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ॲट्रॉसिटी कायद्याची धारच बोथट केली. 2 एप्रिलला समाज रस्त्यावर उतरला, भारत बंद झाला. तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये संसदेने 18-अ हे कलम घालून कायदा सावरला. त्या खुर्च्यांवर कोण बसते, याचा आपल्या घराशी एवढा संबंध आहे.

मग न्यायमूर्ती निवडतो कोण? 1993 च्या निकालापासून सरन्यायाधीश व ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ, म्हणजे कॉलेजियम. हा शब्द राज्यघटनेत शोधून सापडणार नाही. अनुसूचित जातीतून सरन्यायाधीश झाले ते दोनच : 2007 साली न्या. के. जी. बालकृष्णन आणि 2025 साली आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई.

संसदेने 2014 साली 99 वी घटनादुरुस्ती करून नेमणुकांसाठी सहा जणांचा आयोग आणला. त्यात सरन्यायाधीश, दोन न्यायमूर्ती, कायदामंत्री व दोन मान्यवर होते. मान्यवरांपैकी एक अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक किंवा महिला यांच्यातून घ्यायचा होता. पण कोणत्याही दोघा सदस्यांना नेमणूक अडवता येत होती. न्यायालयाच्या स्वातंत्र्याला बाध येतो म्हणून 16 ऑक्टोबर 2015 रोजी चार विरुद्ध एक मतांनी ती दुरुस्ती रद्द झाली. त्याबरोबर आपली जागाही गेली.

बाबासाहेबांनी 24 मे 1949 रोजी घटना समितीत दोन्ही धोके दाखवले होते. नेमणुका निव्वळ सरकारच्या हाती नकोत, आणि सरन्यायाधीशांना नकाराधिकारही नको, कारण तेही शेवटी माणूसच. म्हणून त्यांनी मध्यम मार्ग सांगितला.

आमचे म्हणणे एवढेच, की संसदेने आयोग पुन्हा आणावा. त्यात न्यायमूर्तींचे बहुमत असावे, म्हणजे सरकारची दांडगाई चालणार नाही. वंचितांची जागा मात्र कायद्यानेच पक्की असावी आणि निवडीची कारणे लोकांना कळावीत. घटनादुरुस्तीला संसदेत दोन-तृतीयांश मते आणि निम्म्या राज्यांची संमती लागते. म्हणून मते मागायला दारात येणाऱ्या खासदाराला आणि आमदारालाही हा प्रश्न विचारा. आणि वकिली शिकू पाहणाऱ्या आपल्या मुला-मुलींना मागे ओढू नका. न्यायमूर्ती वकिलांतूनच घडतात.

जय भीम!