‘पास आउट’ होणे म्हणजे नेमके काय?

इंग्रजी क्रियापदाला ‘आउट’, ‘अप’, ‘ऑन’ असा एखादा छोटा शब्द जोडला की अर्थ पार बदलतो. अशा जोडक्रियापदांना ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. परीक्षेसाठी आपण त्यांच्या याद्या पाठ करतो. पण त्यांतले एक क्रियापद सैनिकी शाळेत पाठ करावे लागत नाही, कारण ते रोज कानांवर पडते. ते म्हणजे ‘पास आउट’. याचे तीन अर्थ आहेत आणि तिन्ही आपल्या परेड मैदानावरच भेटतात.

पहिला अर्थ अभिमानाचा. सैनिकी किंवा पोलीस प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे म्हणजे ‘पास आउट’ होणे. ‘पासिंग आउट परेड’ला मराठीत दीक्षान्त संचलन म्हणतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत या संचलनाच्या शेवटी छात्र ‘अंतिम पग’ ओलांडतात. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून १४८ व्या तुकडीबरोबर १७ मुलींची पहिली तुकडीही बाहेर पडली.

आपल्या देशात हा शब्द सैन्याबाहेरही पसरला. कॉलेज संपवलेला मुलगाही ‘२०२३ चा पासआउट’ असतो. भारतात यात कोणाचा गोंधळ होत नाही. पण ‘आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-थ्री’ असे अमेरिकेत म्हटले, तर ऐकणारा विचारील, “का, काय झालं होतं?” म्हणून छात्रांनो, मुलाखतीत शाळा किंवा कॉलेजबद्दल बोलताना ‘आय कम्प्लीटेड माय स्कूलिंग’ असे सरळ सांगा. अकादमीतून बाहेर पडाल तेव्हा ‘पास्ड आउट’ खुशाल म्हणा.

अमेरिकन माणूस दचकतो तो दुसऱ्या अर्थामुळे. ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे, भोवळ येऊन पडणे. मला आज खरे बोलायचे आहे ते याच अर्थाबद्दल. पहिल्या अर्थासाठी आपण टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्यासाठी हसतो. परेडमध्ये एखादा छात्र कोसळला की संध्याकाळपर्यंत त्याला टोपणनाव मिळालेले असते. मग पुढच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तो मुलगा बोलत नाही, पडेपर्यंत उभा राहतो. ही शिस्त नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भोवळ येण्याचा संबंध हिमतीशी कमी आणि रक्ताभिसरणाशी जास्त आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायांतले रक्त वर ढकलतात. सावधान स्थितीत बराच वेळ निश्चल उभे राहिले की हे काम मंदावते, रक्त पायांत साठते आणि मेंदूला कमी पडते. त्यात उन्हाने रक्तवाहिन्या सैलावतात आणि घामातून पाणी जाते. १० जून २०२३ रोजी लंडनमध्ये राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम सुरू असताना किमान तीन सैनिक कोसळले. अंगात लोकरी कोट, डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची टोपी आणि तापमान ३० अंशांच्या आसपास. ते राजाच्या रक्षक दलाचे सराव झालेले जवान होते, त्यांना कच्चे कोण म्हणेल? आणि ३० अंश म्हणजे आपल्या रायपुरातली फेब्रुवारीची दुपार! नौतपा तर दूरच, १५ ऑगस्टच्या दमट सकाळीही आपल्या मुलांची कसोटी लागते.

छत्तीसगढचा शेतकरी उन्हात उतरण्यापूर्वी बोरे-बासी खातो, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजलेला भात, पाण्यासकट आणि सोबत कांदा. त्याला कोणी नाजूक म्हणत नाही. परेडची तयारीही अशीच पोटापासून व्हावी. रात्री नीट झोप, सकाळी न्याहारी, आदल्या संध्याकाळपासून पुरेसे पाणी. उभे असताना गुडघे मागे ताणून धरू नका. बुटाच्या आत बोटे हलवा, पोटऱ्या आवळा आणि सैल सोडा. समोरून ते दिसतही नाही. मळमळ, थंड घाम, कानांत गुणगुण, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही जाणवले तर लगेच गुडघ्यावर बसा.

प्रशिक्षकांना विनंती आहे की, ‘लाइन तोड’चा हुकूम शिकवतो तसेच हे बसणेही पहिल्या आठवड्यातच शिकवावे आणि बसणाऱ्याला शिक्षा होणार नाही हे सर्वांसमोर सांगावे. एवढ्याने सारे बहाणे करतील ही भीती मला पटत नाही. बहाणा करणारा दोन दिवसांत ओळखू येतो, पण दगडी कठड्यावर आपटलेले डोके पूर्ववत होईलच असे नाही. कोणी पडलाच तर त्याला उभे करू नका. सावलीत आडवे निजवून पाय थोडे उंच करा, पट्टा सैल करा आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. अंग तापलेले असेल आणि मुलगा असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात समजा. अंग थंड करीत ताबडतोब रुग्णालय गाठा.

पालकांनो, शाळेतून असा फोन आला तर ‘लोक काय म्हणाले’ हे विचारू नका. ‘जेवला होतास का’ हे विचारा. मात्र धावताना शुद्ध गेली असेल किंवा हे वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे, कारण ते हृदयाचे दुखणे असू शकते.

राहिला तिसरा अर्थ, वाटणे. ‘पास आउट द पेपर्स’ म्हणजे पेपर वाटा. पहिल्या दोन अर्थांना कर्म लागत नाही, याला लागते. म्हणून ‘पास द पेपर्स आउट’ असेही चालते. वरच्या वर्गातील छात्रांनी हा अर्थ लक्षात ठेवून पुढच्या तालमीला मध्यंतरात धाकट्यांना पाणी वाटावे. त्यांतले बरेचजण काही वर्षांनी पहिल्या अर्थाने पास आउट होणार आहेत.